‘इंटेलच घ्या’ : एका सोप्या सल्ल्याचा प्रतिवाद

लिनक्स, फ्रीबीएसडी किंवा ओपनबीएसडी यांसारख्या युनिक्सच्या घराण्यातील कार्यप्रणालीवर चालणाऱ्या संगणकाला नेटवर्क कार्ड कोणते बसवावे, या प्रश्नाला गेली वीस-पंचवीस वर्षे एक ठरीव उत्तर मिळत आले आहे : इंटेलचे घ्यावे, रिअलटेकच्या वाटेला जाऊ नये. मोठ्या शहरांत सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी हे उत्तर दिले आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या संगणक-विक्रेत्यांनी ते उचलले. यवतमाळ-अमरावती रस्त्यावरच्या नेरसारख्या तालुक्याच्या गावी कोणी महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी कोहा ही ग्रंथालय-प्रणाली चालवायला, शाळेच्या संगणक-कक्षातील यंत्रे एकाच सर्व्हरवरून सुरू करायला किंवा जुन्या डेस्कटॉपचा राउटर करायला लिनक्सकडे वळला, तर त्यालाही तेच ऐकवले जाईल. सल्ला छोटा आहे, सहज लक्षात राहतो आणि तो देणाऱ्याला पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याच्या लोकप्रियतेची कारणे एवढीच आहेत. तो सर्वस्वी खोटा आहे असे म्हणता येणार नाही, पण त्यात जे खरे आहे ते भलत्याच कारणावर उभे केलेले आहे, आणि कारण भलते असल्यामुळे तो नेमका जिथे उपयोगी पडायला हवा तिथेच दगा देतो.

नेटवर्क कार्ड, ज्याला बाजारात लॅन कार्ड म्हणतात, संगणकाच्या स्मृतीतील माहिती ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, म्हणजे फ्रेममध्ये, बांधून तारेवर सोडते आणि तारेवरून आलेल्या फ्रेम स्मृतीत आणून ठेवते. हे सारे काम कार्डावरची एक मुख्य चिप करते. तारेची खोबण, विद्युत-विलगीकरणाचा लहानसा ट्रान्सफॉर्मर आणि इतर किरकोळ भाग तिच्या दिमतीला असतात. या चिपला हुकूम देणारा आणि तिचे म्हणणे ऐकणारा कार्यप्रणालीतील प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. युनिक्सच्या घराण्यात हा ड्रायव्हर बहुधा कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, मूळ स्रोतातच समाविष्ट असतो; कार्डाच्या पेटीतील चकतीवरून तो घालण्याची विंडोजची जुनी रीत येथे नाही. या एका फरकाने वादाची दिशा बदलते. विंडोजवर कार्डाचा उत्पादकच ड्रायव्हर पुरवतो, त्यामुळे उत्पादकाच्या नावावर विसंबणे समजण्यासारखे आहे. लिनक्सवर मात्र ड्रायव्हर कोणी लिहिला, कोणत्या कागदपत्रांच्या आधारे लिहिला आणि आज तो कोण सांभाळतो, हे प्रश्न आधी विचारावे लागतात आणि पेटीवरच्या नावाचा क्रम त्यांच्या नंतर लागतो.

रिअलटेकच्या बदनामीचे मूळ शोधत गेल्यास ते आरटीएल८१३९ या चिपपाशी सापडते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली ही १०० मेगाबिटची चिप अतिशय स्वस्त होती आणि त्यामुळे ती जगभरच्या मदरबोर्डांवर आणि स्वस्त कार्डांवर पसरली. फ्रीबीएसडीसाठी तिचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी ड्रायव्हरच्या स्रोतातच तिच्या रचनेवर जहाल शेरा मारून ठेवला, आणि तो तांत्रिकदृष्ट्या बिनचूक होता. चांगले कार्ड प्रोसेसरला मध्ये न घेता माहिती थेट स्मृतीत ठेवते, आणि या पद्धतीला डीएमए म्हणतात. आरटीएल८१३९ डीएमए करत असे खरे, पण आलेल्या सगळ्या फ्रेम ती एकाच सलग वर्तुळाकार जागेत एकामागे एक ओतत असे, त्यामुळे प्रत्येक फ्रेम तिथून उचलून योग्य जागी नेण्याचे काम अखेर प्रोसेसरच्याच गळ्यात पडे. पाठवतानाही माहिती विशिष्ट सीमेवर, सलग मांडलेली हवी, हा तिचा हट्ट असल्यामुळे तिथेही नक्कल करावी लागे. १०० मेगाबिटच्या तारेवर पूर्ण लांबीच्या फ्रेम सेकंदाला ८,१२७ येऊ शकतात, आणि लहानात लहान फ्रेम असतील तर हा आकडा १,४८,८०९ पर्यंत जातो; त्या काळच्या पेंटियमला एवढ्या नकला करत बसणे जड जाई.

पण ही तक्रार एका विशिष्ट चिपच्या विशिष्ट रचनेबद्दल होती. त्याच कंपनीने पुढे ८१३९सी+ आणि गिगाबिटची ८१६९ या चिप आणल्या तेव्हा रचना मुळापासून बदलली; प्रत्येक फ्रेमसाठी स्मृतीतील वेगळी जागा सांगणाऱ्या नोंदींची रांग ड्रायव्हरने मांडायची आणि चिपने त्या नोंदी वाचत जायचे, ही इतर चांगल्या कार्डांची पद्धत तिने स्वीकारली. ज्या बिल पॉल यांनी आधीच्या चिपला फटकारले होते त्यांनीच या नव्या चिपसाठी फ्रीबीएसडीचा वेगळा ड्रायव्हर लिहिला. तरीही सल्ला देणाऱ्यांनी जुना शेरा नव्या चिपवर तसाच चिकटवून ठेवला, आणि आज असंख्य मदरबोर्डांवर दिसणाऱ्या ८१११ आणि ८१६८ या मालिकेलाही बापजाद्यांच्या कर्जासारखा तो फेडावा लागतो आहे. यात एक गंमतही आहे. क्यूईएमयू हा आभासी यंत्रे चालवणारा प्रोग्राम आजही पाहुण्या कार्यप्रणालीला जी कार्डे सोंग म्हणून दाखवू शकतो त्यांत हीच बदनाम आरटीएल८१३९ आहे, कारण तिचा ड्रायव्हर नसलेली कार्यप्रणाली सापडणे कठीण.

आता दुसऱ्या बाजूचा हिशेब. इंटेलची कार्डे निर्दोष असतात, ही समजूत घटनांपुढे टिकत नाही. सप्टेंबर २००८ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीच्या चाचणी-प्रती चालवणाऱ्यांच्या संगणकांवर इंटेलची अंगभूत गिगाबिट कार्डे कायमची निकामी होऊ लागली. कार्डाचा पत्ता आणि त्याची मूलभूत मांडणी ज्या छोट्या कायमस्वरूपी स्मृतीत असते तिच्यावरच कचरा लिहिला जात होता. संशय साहजिकच ई१०००ई या इंटेलच्या ड्रायव्हरवर गेला, परंतु खरा दोष कर्नलमधील एफट्रेस या पूर्णपणे वेगळ्या सुविधेत निघाला. मोकळी झालेली स्मृती अजून आपलीच आहे असे समजून ती तिथे लिहीत होती आणि ती जागा दरम्यान कार्डाला दिली गेलेली असे. २०१३ मध्ये क्रिस्टियन कीलहॉफनर यांनी ८२५७४एल या इंटेलच्या नामांकित सर्व्हर-चिपबद्दल असे दाखवून दिले की, ठरावीक ठिकाणी ठरावीक मूल्याचा एकच बाइट असलेले पॅकेट आले की कार्ड मरते आणि संगणकाची वीज पूर्ण तोडून पुन्हा दिल्याशिवाय उठत नाही. इंटेलने खुलासा केला की, हा दोष एका मदरबोर्ड-उत्पादकाने त्या चिपच्या कायमस्वरूपी स्मृतीत चुकीची मांडणी भरल्यामुळे होता. खुलासा मान्य केला तरी निष्कर्ष तोच राहतो : चिप इंटेलची, नाव इंटेलचे, आणि ग्राहकाच्या हाती आले ते कोणाही परक्याच्या एका पॅकेटने बंद पडणारे यंत्र. पुढे २०२० च्या सुमारास २.५ गिगाबिटची आय२२५-व्ही ही चिप बाजारात आली तेव्हा तिच्या आरंभीच्या आवृत्त्या दोन फ्रेममधील अंतर प्रमाणाप्रमाणे राखत नसल्यामुळे काही स्विचांबरोबर पॅकेटे गळू लागली आणि वेग १ गिगाबिटवर उतरवून ठेवण्याचा तोडगा सुचवला गेला. दुरुस्ती चिपच्या नंतरच्या आवृत्तीत झाली. आय२१९ या, लाखो कार्यालयीन संगणकांत असलेल्या जोडणीवर लिनक्समध्ये कार्ड अडकल्याचा संदेश येणे आणि मोठे तुकडे कार्डाकडूनच करवून घेण्याची सुविधा बंद केल्यावर ते थांबणे, हा तर सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या रोजच्या परिचयाचा प्रकार आहे.

यावर इंटेलपक्षाचा जबाब ठरलेला आहे : चुका सर्वांच्याच होतात, पण इंटेलच्या दुरुस्त होतात. जबाब योग्यच आहे, फक्त तो देणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही की त्याने स्वतःचाच मूळ सल्ला मोडीत काढला. दुरुस्त का होतात, हे विचारले की कारणे बाहेर पडतात. इंटेलने आपल्या गिगाबिट चिपची प्रोग्रामरांसाठीची सविस्तर पुस्तिका दीर्घकाळ जाहीरपणे उपलब्ध ठेवली. लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोन्हींसाठी ड्रायव्हर लिहायला स्वतःचे पगारी अभियंते बसवले. आणि तो ड्रायव्हर कर्नलच्या मूळ स्रोतात, सर्वांच्या डोळ्यांसमोर ठेवला. २००८ चा दोष एफट्रेसमध्ये सापडू शकला तो कर्नलचा सगळाच स्रोत कोणालाही वाचता येत होता म्हणून. ही तीन कारणे ज्या चिपच्या बाबतीत जमतात ती चिप भरवशाची ठरते, मग तिच्यावर कोणाचेही नाव असो.

नाव निर्णायक नाही हे उलट दिशेनेही पडताळता येते. ब्रॉडकॉमच्या गिगाबिट चिपसाठी कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर होता, पण त्याचा दर्जा पाहून डेव्हिड मिलर आणि जेफ गारझिक यांनी टीजी३ हा ड्रायव्हर नव्याने लिहिला, आणि पुढे कंपनीनेच त्याची देखभाल अंगावर घेतली. एनव्हिडियाच्या एनफोर्स मदरबोर्डांवरील जोडणीसाठी कागदपत्रे मिळत नव्हती, तेव्हा बंदिस्त ड्रायव्हरच्या वागण्याचा अभ्यास करून फोर्सडेथ हा ड्रायव्हर उभा राहिला आणि अखेर कंपनीलाही स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हर सोडून त्यालाच हातभार लावावा लागला. ओपनबीएसडीचे प्रमुख थिओ द राट यांनी चिपची कागदपत्रे आणि फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत भरावा लागणारा प्रोग्राम, अटींशिवाय मिळावा यासाठी दीर्घ मोहीम चालवली. २००४ चा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचा पुरस्कार त्यांना मिळाला तो अशाच आग्रहासाठी. त्या मोहिमेत बिनतारी चिपबाबत टीकेच्या रोखात इंटेलही होती, आणि तैवानच्या रॅलिंकसारख्या लहान उत्पादकाने मात्र सहकार्य केले होते. इंटेल म्हटले की सगळे आलबेल, असे मानणाऱ्यांच्या स्मरणातून हा अध्याय सोयीस्करपणे गळलेला दिसतो.

सर्वांत बोलका पुरावा एकाच चिपच्या दोन प्रतिष्ठांचा आहे. आरटीएल८१६८ ही चिप लिनक्सवर आर८१६९ या कर्नलमधील ड्रायव्हरने चालते. फ्रान्स्वा रोमियू यांनी तो वर्षानुवर्षे सांभाळला आणि २०१८ पासून हायनर कालवाइट यांनी त्याची इतकी कसून साफसफाई केली की सामान्य वापरात तो निर्धास्तपणे ठेवता येतो. तीच चिप फ्रीबीएसडीवर मूळ ‘आरई’ ड्रायव्हरने चालवली तर जास्त ताण आल्यावर कार्ड वेळेत उत्तर देत नसल्याचा इशारा देऊन जोडणी तुटल्याच्या तक्रारी पुष्कळ आहेत आणि तिथले अनेक वापरकर्ते उत्पादकाच्या स्रोतावर बेतलेला वेगळा ड्रायव्हर घालतात. विश्वासार्हता चिपच्या सिलिकॉनमध्येच भरलेली असती, तर एकाच चिपला दोन कार्यप्रणालींकडून दोन वेगळे गुण मिळाले नसते. यावरून व्यवहारातला पहिला प्रश्न ठरतो : कोणती कार्यप्रणाली चालवायची आहे? नेरमध्ये कोणाला फ्रीबीएसडीवर आधारलेले पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स घालून संस्थेचा फायरवॉल उभा करायचा असेल, तर त्याने इंटेलचे आय२१० किंवा आय३५० कार्ड घ्यावे, हे या लेखालाही मान्य आहे. आणि त्याच्या शेजारी लिनक्सवर ग्रंथालयाचा सर्व्हर चालवणाऱ्याने मदरबोर्डावरची रिअलटेकची जोडणी बंद करून त्यासाठी जास्तीचे पैसे घालावेत, याला मात्र कसलाही आधार नाही.

लिनक्सपुरता याच्याशी जोडलेला एक उपसल्लाही खोडायला हवा. कर्नलमधला आर८१६९ काढून टाका आणि कंपनीच्या संकेतस्थळावरचा आर८१६८ घाला, असे सर्रास सांगितले जाते. एखाद्या जुन्या कर्नलवर, एखाद्या विशिष्ट आवृत्तीच्या चिपसाठी हे कधी काळी उपयोगी पडले असेल. परंतु कर्नलच्या बाहेरचा ड्रायव्हर प्रत्येक कर्नल-बदलानंतर पुन्हा संकलित करावा लागतो, आणि कर्नलची अंतर्गत रचना बदलली की ते संकलन फसते. म्हणजे रात्री आपोआप आलेल्या सुरक्षा-सुधारणेनंतर सकाळी यंत्र उठते ते नेटवर्कशिवाय, आणि दुरुस्तीसाठी लागणारी फाइल आणायची तर नेटवर्क हवे. मोठ्या शहरातील माणूस तासाभरात दुसरे कार्ड आणून लावेल. नेरमधल्या ग्रंथपालाला यवतमाळ किंवा अमरावतीहून कोणी येईपर्यंत पुस्तकांची देवघेव वहीत करावी लागेल.

कार्ड आणि त्याचा ड्रायव्हर यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हे महाराष्ट्रातील संगणक-तज्ज्ञांना नव्याने सांगण्याचे कारण नाही. १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९८ मध्ये परम १०००० हा महासंगणक उभारला तेव्हा त्यातली यंत्रे सन कंपनीची, सोलॅरिस या युनिक्सवर चालणारी होती. त्यांना एकमेकांशी बोलते करणारे परमनेट हे जाळे मात्र सी-डॅकचे स्वतःचे होते. पुढे परम पद्ममध्ये परमनेट-२ सेकंदाला २.५ गिगाबिट वेगाने आणि परम युवामध्ये परमनेट-३ हे १० गिगाबिट वेगाने चालले. या प्रयत्नात केवळ वेगवान चिप करून भागले नाही; कार्यप्रणालीला वळसा घालून प्रोग्रामपासून कार्डापर्यंत संदेश कमीत कमी वेळात नेणारा क्षिप्रा नावाचा सॉफ्टवेअरचा थरही तिथेच लिहावा लागला. नेरच्या ग्रंथालयाला महासंगणक नको आहे, हे उघड आहे. पण कार्ड आणि ड्रायव्हर यांच्यात एकाला दुसऱ्याचे अंतरंग ठाऊक असावे लागते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू आहे.

नावावर विसंबण्यातला आणखी मोठा धोका असा की, पेटीवरचे नाव बहुधा चिपचे नसतेच. गोव्यात वेर्णा येथे नोंदणी असलेल्या भारतीय कंपनीमार्फत इथे घरोघर पोचलेल्या डी-लिंकची दोन जुनी कार्डे पाहावीत. डीएफई-५३०टीएक्स या कार्डावर व्हियाची ऱ्हाइन चिप होती, आणि नावापुढे अधिकचे एक चिन्ह लावलेल्या डीएफई-५३०टीएक्स+ वर रिअलटेकची ८१३९. डीजीई-५३०टी या गिगाबिट कार्डाच्या आधीच्या आवृत्त्यांवर मार्व्हेलची चिप होती, पुढच्या सी१ आवृत्तीवर रिअलटेकची. लिंकसिसच्या एलएनई१००टीएक्स या कार्डाने तर एकाच नावाखाली आधी डीईसीची, मग लाइट-ऑनची आणि नंतर ॲडमटेकची अशा निरनिराळ्या चिप ग्राहकांना विकल्या. मित्राकडे उत्तम चालणारे कार्ड त्याच नावाने विकत आणावे आणि ते वेगळाच ड्रायव्हर मागावे, हे यामुळे घडते. इंटेलच्या बाबतीत याच रोगाचे वेगळे रूप आहे, ते म्हणजे बनावट मालाचे : आय३५० चे चार जोडण्यांचे कार्ड अस्सल किमतीच्या अंशात मिळत असेल तर ते इंटेलने बनवलेले असण्याची शक्यता फार कमी. ‘इंटेलच घ्या’ या सल्ल्याने मागणी वाढवली आणि त्या मागणीने बनावट कार्डांचा बाजार पोसला.

चिप ओळखण्याचा खरा मार्ग प्रत्येक पीसीआय कार्डात कोरलेल्या दोन क्रमांकांचा आहे. पहिला निर्मात्याचा, दुसरा उपकरणाचा. इंटेलचा निर्माता-क्रमांक ८०८६ आहे, कंपनीच्या त्या गाजलेल्या प्रोसेसरच्या नावावरून घेतलेला, आणि रिअलटेकचा १०ईसी. लिनक्सवर एलएसपीसीआय या आज्ञेने आणि फ्रीबीएसडीवर पीसीआयकॉन्फ या आज्ञेने हे क्रमांक क्षणात दिसतात, आणि त्यांच्यावरून कर्नलमधला कोणता ड्रायव्हर त्या कार्डाला जुळतो हे निःसंशय कळते. वर उल्लेखिलेल्या डी-लिंकच्या सी१ कार्डावर निर्माता-क्रमांक डी-लिंकचाच, ११८६, असा असतो. तरीही लिनक्सचा आर८१६९ त्याला ओळखतो, कारण ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी हा क्रमांक आपल्या यादीत घालून ठेवला आहे.

नेरसारख्या गावाचा विचार सल्लागारांच्या डोक्यात नसतो, हा या सल्ल्यावरचा मुख्य आक्षेप आहे, आणि तो केवळ भावनेचा नाही. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. खोलीत वातानुकूलन नसेल तर बंद पेटाऱ्याच्या आतले तापमान त्याहून बरेच वर असते. बाजारातल्या सामान्य कार्डांची हमी बहुधा भोवतालच्या ५५ अंशांपर्यंतच असते. अशा ठिकाणी जुन्या सर्व्हरमधून काढलेली, तांब्याच्या तारेवर १० गिगाबिट चालणारी इंटेलची कार्डे स्वस्तात मिळतात म्हणून बसवली जातात, तेव्हा ती कार्डे पंख्यांच्या जोरदार झोतात राहतील या गृहीतकावर बनवलेली आहेत, हे विसरले जाते. बारा-पंधरा वॅट उष्णता टाकणारी चिप डेस्कटॉपच्या पेटाऱ्यात, धुळीने भरलेल्या उष्णताशोषकाखाली, दुपारी दोन वाजता बंद पडली तर तिच्यावरच्या नावाचा काही उपयोग नाही. रिअलटेकचे साधे गिगाबिट कार्ड त्या मानाने जेमतेम कोमट होते.

वीज कोसळणे हा दुसरा मुद्दा. रोहिणी-मृगाच्या वादळी पावसात एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गच्चीवरून ओढलेली तांब्याची नेटवर्क-केबल म्हणजे वीज आत आणण्याची सोय असते. ईथरनेटच्या प्रमाणानुसार कार्डावरच्या ट्रान्सफॉर्मरने १,५०० व्होल्टचे विलगीकरण सोसले पाहिजे. जवळपास पडलेल्या विजेने तारेत निर्माण होणारा दाब त्याच्या कितीतरी पट असू शकतो, आणि त्यापुढे इंटेल व रिअलटेक यांचे भवितव्य एकच. अशा ठिकाणी दोन इमारतींमध्ये फायबर टाकून दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावणे हा उपाय आहे. ते परवडत नसेल, तर महागडे एक कार्ड घेण्याऐवजी एकाच चिपची दोन-तीन साधी कार्डे कपाटात ठेवणे शहाणपणाचे. मदरबोर्डावरच्या अंगभूत जोडणीऐवजी वेगळे कार्ड वापरण्याला इथेच खरा अर्थ आहे : बळी गेलाच तर कार्डाचा जाईल, मदरबोर्ड वाचण्याची आशा राहील.

कार्डावर येणारा आळ पुष्कळदा केबलचा असतो, हेही इथे नोंदवले पाहिजे. १०० मेगाबिटला तारांच्या चारपैकी दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून एखादी जोडी तुटलेली केबल जुन्या कार्डावर व्यवस्थित चालते आणि नवे कार्ड लावताच जोडणी तुटू लागते किंवा वेग १०० वर येऊन बसतो, आणि दोष नव्या कार्डाला दिला जातो. तांब्याचा नुसता मुलामा असलेली ॲल्युमिनिअमची केबल स्वस्त पडते आणि लांब अंतरावर, वाकवलेल्या जागी, उन्हात तडे जाऊन हाच खेळ करते. लिनक्सवरची ईथटूल ही आज्ञा कार्डाने ठेवलेली मोजदाद दाखवते. फ्रेम मोडून आल्याची, म्हणजे तपासणी-बेरीज न जुळल्याची संख्या वाढत असेल तर केबल किंवा तिचे टोक पाहावे. फ्रेम नीट येऊन जागेअभावी सोडून द्याव्या लागल्याची संख्या वाढत असेल, तर प्रोसेसर किंवा ड्रायव्हर यांची कसूर. हे दोन आकडे न पाहता कार्ड बदलणारा तंत्रज्ञ ग्राहकाच्या पैशाने अंदाज बांधत असतो.

प्रतिष्ठापनेच्या, म्हणजे कार्यप्रणाली पहिल्यांदा घालण्याच्या वेळचा पेच वेगळा आहे. काही चिप फर्मवेअर भरल्याशिवाय जाग्याच होत नाहीत. डेलच्या आर७१० सारख्या जुन्या सर्व्हरवर, जे आज दुसऱ्या हाताने स्वस्तात मिळतात, ब्रॉडकॉमची नेटएक्स्ट्रीम २ चिप असते आणि तिचे फर्मवेअर मुक्त परवान्याचे नसल्यामुळे डेबियनने ते आपल्या अधिकृत प्रतीत वर्षानुवर्षे ठेवले नाही. ऑक्टोबर २०२२ मधील मतदानानंतर धोरण बदलले आणि जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत प्रतीतच मिळते. त्याआधीची प्रत घेऊन बसणारा माणूस मात्र नेटवर्क सुरू करायला फर्मवेअर हवे आणि फर्मवेअर आणायला नेटवर्क हवे, या घाण्यात फिरत राहतो. रिअलटेकच्या गिगाबिट चिपलाही फर्मवेअरची सुधारणा असते, पण ती नसली तरी बहुतेक वेळा कर्नल एक तक्रार नोंदवतो आणि कार्ड चालू होते. अडलेच तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते. बहुतेक लिनक्स-प्रणाली फोनलाच नेटवर्क कार्ड म्हणून ओळखतात. या सोप्या युक्तीने जी अडचण दूर होते तिच्यासाठी वेगळे कार्ड खरेदी करणे अनाठायी आहे.

शेवटचा बचाव राहतो तो असा की, सामान्य ग्राहकाला चिप, आवृत्ती आणि ड्रायव्हर यांची चौकशी झेपणार नाही, म्हणून त्याला एक नाव सांगून मोकळे करणेच बरे. ग्राहकाला कमी लेखणाऱ्या या युक्तिवादाला उत्तर म्हणून फक्त त्या चौकशीला लागणारे श्रम मोजले तरी पुरे. जी कार्यप्रणाली चालवायची आहे तिचीच यूएसबीवरून थेट सुरू होणारी प्रत घेऊन दुकानात जावे, ते कार्ड लावलेले यंत्र तिच्यावरून सुरू करावे, एलएसपीसीआयने क्रमांक आणि जुळलेला ड्रायव्हर पाहावा, दुकानातल्याच दुसऱ्या यंत्राकडे चार-पाच गिगाबाइटची फाइल दोन्ही दिशांनी पाठवावी आणि मग ईथटूलची मोजदाद वाचावी; चहा येईपर्यंत हे उरकते. शाळेच्या कक्षातील यंत्रे सर्व्हरवरून सुरू व्हायची असतील तर पीएक्सई, म्हणजे डिस्कशिवाय नेटवर्कवरून सुरू होण्याची सोय, त्या कार्डात आहे की नाही हेही तिथेच कळते. दुकानदार पेटी उघडू देत नसेल तर यूएसबीला लागणारे, आरटीएल८१५३ चिपचे गिगाबिट जोडसाधन मागावे. त्याचा ड्रायव्हर लिनक्स कर्नलमध्येच आहे, ते कोणत्याही यंत्राला लावून पाहता येते, आणि नाहीच पटले तर पेचकस न लावता परत करता येते.